नाव ठेवणे आणि नावं ठेवणे

माणसाचं नाव आत्या ठेवते आणि त्याला नावं शेजारी ठेवतात. मुलखाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की मुलखाला आत्या नसते. त्यामुळे दोन्ही कामं शेजारीच उरकून घेतात.

आमच्या मुलखाला शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव 'मोगलाई'. मी डोंगरकड्याचा. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. तोही १९९९ पासूनचा, त्याआधी आम्ही परभणीत होतो. आमच्या भागात केळीच्या बागा आहेत, पण दिल्लीचा बादशहा कधी केळी खायला इथं उतरला होता असं ऐकिवात नाही. तरीसुद्धा तिकडं पुण्याकडं कुणाच्या नळाला दोन दिवस पाणी आलं नाही, की तो ओरडतो, "ही काय मोगलाई आहे का?" नळ त्याचा, नगरपालिका त्याची आणि बदनामी आमची!

मी पडलो बँकेतला कारकून, शिक्षण बी. कॉम. इतिहासाशी आमचा संबंध जुन्या थकबाकीपुरता. पण ही बाकी आपल्या नावावर निघाली कुठून, ते बघावं म्हणून मागची पानं उलटली. तर काय, 'मोगलाई' हे चक्क एक खातं निघालं! १७१९ साली मराठ्यांना दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची सनद मिळाली. चौथाई शेकडा २५, सरदेशमुखी शेकडा १०. मराठ्यांच्या दप्तरात आपल्या वसुलाला नाव 'स्वराज्य' आणि मोगलांकडे राहिलेल्या वसुलाला 'मोगलाई'. गाव एक, ज्वारी एक, रकाने दोन.

पुढं १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामुल्मुल्क दख्खनचा धनी झाला. पण नावाला तो बादशहाचा सुभेदारच, म्हणून त्याचा मुलूख ती मोगलाई. १८५७ नंतर दिल्लीची बादशाहीच बुडाली. ही मात्र चालू. मुख्य कचेरी बंद आणि शाखा सुरू, असा चमत्कार आमच्या बँकेच्या धंद्यात बघायला मिळत नाही. शेवटी १७ सप्टेंबर १९४८ ला शाखेलाही कुलूप लागलं.

तोवर मोगलाई म्हणजे अंदाधुंदी हा अर्थ पक्का झाला होता, आणि शेवटच्या दिवसांत रझाकारांनी त्यावर शिक्का मारला. पण गंमत बघा. ती अंदाधुंदी ज्यांनी केली ते गेले, आणि ज्यांनी सोसली त्या आमच्या आजोबांच्या कपाळी ते नाव राहिलं. कर्जदार फरार आणि नोटीस जामीनदाराला, अशातला प्रकार!

राज्य गेलं, शब्द राहिले. आम्ही अजून धान्य मोंढ्यावर विकतो आणि घाम दस्तीनं पुसतो. दस्त म्हणजे हात; हातरुमालच तो, पण एका शब्दात बसलेला. निजामाचा रुपया तो 'हाली' आणि इंग्रजांचा तो 'कलदार'. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार पदरात पडायचे. 'हाली' म्हणजे चालू. हा चालू रुपया १९५० च्या दशकात बंद पडला. आमचे आजोबा मात्र शेवटपर्यंत पेन्शनला 'कलदार आले का?' असंच विचारीत.

बरं, नावं ठेवणाऱ्यांच्या घरात तरी काय आहे? तिकडं पूर्वी मामलेदार असे, आमच्याकडं तहसीलदार. १९६६ चा जमीन महसूल कायदा आला आणि साऱ्या महाराष्ट्रात तहसीलदार झाले. मोगलाई हरली, पण तिचा तहसीलदार थेट पुण्यात जाऊन बसला. मामलेदार उरला तो ठाण्याच्या मिसळीपुरता.

आणि आमची बँक? कर्ज, रक्कम, जमा, बाकी, वसूल, खर्च, सगळा माल अरबी-फारसी. हप्ता घ्या. फारसीत हफ्त म्हणजे सात, म्हणून हप्ता आठवड्याचा. आम्ही तो महिन्याचा केला, कर्जदारांनी वर्षाचा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी 'दिनांक' दिला. आमच्या पावतीवर 'दिनांक' छापलेला असतो आणि गिऱ्हाईक विचारतं, "साहेब, आज तारीख काय?"

हे सगळं मी हसत सांगतोय, पण गेल्या वर्षी माझा भाचा पुण्याला शिकायला गेला. वसतिगृहात कुणी हाक मारली, हा म्हणाला, "येऊलालो!" आणि अख्खी खोली हसली. आता, 'येऊ लागलो' हेच ते शब्द, नांदेड-हिंगोलीच्या वाटेवर थोडे झिजलेले. पण पोरगं महिनाभर गप्प झालं. घरी फोनवर 'येतोय' म्हणायला लागलं, तेव्हा ताईला वाटलं, फोन दुसऱ्याच कुणीतरी उचलला. ज्याच्या पणजोबानं निजामाच्या राज्यात मराठी टिकवली, त्यानं स्वराज्यात मराठी बोलायला भ्यावं, ही बाकी कोणत्या खात्यात लिहायची?

मी त्याला वरचा सगळा हिशेब चार पानी पत्रात लिहून पाठवला. पत्राला उत्तर आलं नाही, फोन आला.

"मामा, माझ्या खोलीत एक साताऱ्याचा पोरगा आहे. परवा तो म्हणला, 'जरा तुझी दस्ती दे रे.'"

मला भरून आलं. म्हटलं, "म्हणजे साताऱ्यानं मोगलाईतून पुन्हा चौथाई वसूल केली म्हणायची!"

"पण मामा, आता परत कसं मागू?"

"शब्द राहू दे त्याच्याकडं," मी म्हणालो. "दस्ती तेवढी मागून घे."