भिंत सोडून मांडवावर: धाराशिवच्या द्राक्षवेलीचे वळण

फळझाडाच्या कोवळ्या फांद्या भिंतीलगत आडव्या बांधून झाडाला हवे ते वळण देण्याची विद्या युरोपच्या थंड मुलखात परिणत झाली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी व्हर्साय येथे राजमाळी ला कँतिनी याने १६७८ ते १६८३ या काळात जी शाही फळबाग सिद्ध केली, तीत नासपतीची झाडे उंच भिंतींच्या आश्रयाने अशीच वाढविली जात, कारण दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देई आणि अपुऱ्या उन्हातही फळ पक्व होई. धाराशिव जिल्ह्यात उन्हाची ददात कधीच नव्हती. तेथे घड करपू नये हीच चिंता, आणि म्हणून फांदी आडवी करण्याच्या त्याच तत्त्वाने येथे भिंतीऐवजी डोक्यावरच्या मांडवाचा आश्रय घेतला.

दख्खनला द्राक्ष नवखे नाही. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादची द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे नमूद केले आहे. पुढे नाशिक-पुण्याकडे वेल जिवंत पांगाऱ्याच्या खुंटावर चढवीत. हैदराबादेत १८९० च्या सुमारास अनाब-ए-शाही ही जात आली, आणि तिचा अफाट विस्तार पेलण्यास मांडवच समर्थ ठरला. धाराशिव १९४८ पर्यंत हैदराबादच्याच निजामी अमलाखाली होते, त्यातील काही तालुके तर सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीचे. तथापि तुळजापूर तालुक्यात काटी-सावरगावच्या बाजूस आज जी बागाईत दिसते, तिचे धागे, माझ्या मते, जुन्या राजधानी हैदराबादपेक्षा शेजारच्या सोलापूरशी अधिक जुळतात. तेथील नान्नज गावी नानासाहेब काळे यांनी थॉम्सन सीडलेस या बिनबियांच्या जातीतून निवडलेली सोनाका ही जात महाराष्ट्रभर गेली.

मांडवाची करामत जवळून पाहावी अशी आहे. रोप बांबूला सुतळीने बांधून सरळ तारेपर्यंत नेतात, तेथे त्याचा शेंडा खुडतात आणि खालून निघालेल्या फुटी तारेवर आडव्या पसरून त्यांचे ओलांडे करतात. उभ्या काडीचा सारा जोर शेंड्याकडे धावतो, तीच आडवी झाली की तो जोर विभागला जाऊन मागचे डोळेही फुटू लागतात. येथे हिवाळा वेलीला निजवीत नाही, म्हणून माळी एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करून तिचे वर्ष स्वतः आखतो. एप्रिलनंतरच्या नव्या काडीवर, साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या अवधीत, डोळ्याच्या आत पुढच्या घडाची घडण होते, आणि त्या वेळी पानांच्या दाटीमुळे ऊन आत पोचले नाही तर ऑक्टोबरात ती काडी वांझ निघते. म्हणून बगलफुटी वेळीच काढाव्या लागतात. ज्या छताने पुढे घडाला सावली द्यावयाची, तेच आधी डोळ्यासाठी विरळ राखणे, यात माळ्याचे सारे कौशल्य आहे, आणि व्हर्सायच्या राजमाळ्यापुढे हा पेच नव्हता.

अलीकडे फवारणी व छाटणी सुकर व्हावी म्हणून वाय आकाराच्या ताट्या पुष्कळ ठिकाणी आल्या. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यातील कित्येक बागा टँकरच्या पाण्यावर जगविल्या गेल्या, कित्येकांवर कुऱ्हाड चालली. म्हणून ज्यांच्या शेतात जुना मांडव अद्याप उभा असेल, त्यांनी तो मोडण्यापूर्वी त्याच्या खांबांचे, तारांचे व अंतरांचे मोजमाप लिहून ठेवावे, आणि ज्या वृद्ध माळ्याने तो उभारला त्याच्याकडून छाटणीचे बारकावे टिपून घ्यावेत, ही विनंती.