झोपेतून उठलेला संगणक

गेल्या महिन्यात माझ्या पाच वर्षं जुन्या लॅपटॉपला एक विचित्र रोग जडला. एरवी मस्त पळायचा, पण झाकण मिटून तासाभराने उघडलं की अगदी बैलगाडी! व्हायरस नाही, रॅम भरलेली नाही, डिस्क निवांत. शेवटी प्रोसेसरचा वेग पाहिला, तर साहेब ८०० मेगाहर्ट्झवर अडकून बसलेले. शटडाउन करून चालू केला, तरी तेच. रीस्टार्ट केला, आणि स्वारी धावायला लागली. आता शटडाउनने जे झालं नाही, ते रीस्टार्टने कसं झालं? नवीन लॅपटॉपच्या किमती बघायला मी सुरुवात केली होती, ती थांबवून जरा खोदकाम केलं. ते पार १९९२ पर्यंत गेलं.

त्या वर्षी इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाचं मानक आणलं. त्यात संगणकाला झोपवायचं काम मुख्यतः बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या छोट्याशा प्रोग्रॅमकडे होतं. पण तुम्ही नेमकं काय काम करताय, हे बिचाऱ्या बायोसला कुठून कळणार? कळायचं ते ऑपरेटिंग सिस्टिमला. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिला.

पण पूर्ण नाही, बरं का! पंखा कसा चालवायचा, कुठल्या भागाची वीज कशी तोडायची, हे प्रत्येक मशीनमध्ये वेगळं. ते मशीन बनवणाऱ्याने एका खास भाषेत लिहून बायोसमध्ये ठेवायचं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ते वाचून चालवायचं. म्हणजे संसार एकाचा, किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला. अनेकांनी हे लिखाण फक्त विंडोजवर तपासलं, आणि लिनक्सवाल्यांनी वर्षानुवर्षं त्याचा त्रास काढला. जानेवारी १९९९ मध्ये खुद्द बिल गेट्स यांनी एका ईमेलमध्ये खंत व्यक्त केली होती, की एवढे कष्ट आपण घ्यायचे आणि लिनक्सही त्यावर मजेत चालायचं! अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका खटल्यात हा ईमेल पुरावा म्हणून पुढे आला.

आता झोपेचं बघू. एसीपीआयच्या एस-३ या झोपेत रॅमला वीज मिळत राहते, पण प्रोसेसर पूर्ण बंद होतो. उठल्यावर तो कोऱ्या पाटीसारखा असतो. त्याच्या शेकडो बारीक सेटिंग्ज बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टिमने मिळून परत भरायच्या. समजा, रॅमचा कुठला भाग कॅशमध्ये ठेवायचा हे सांगणारी एखादी सेटिंग राहिली. मशीन बंद पडत नाही, उत्तरंही बरोबर देतं, फक्त रडतखडत. एरर मेसेज नाही, निळा पडदा नाही. म्हणूनच हा रोग सापडत नाही, आणि आपण म्हणतो, 'जुना झाला, आता बदलू.'

आणि ते शटडाउनचं कोडं? २०१२ साली विंडोज ८ मध्ये फास्ट स्टार्टअप आलं. तेव्हापासून शटडाउन म्हणजे अर्धी झोपच. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात, आणि सकाळी तेच परत उचलले जातात. कालची गडबड असेल तर तीही! रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. नावावरून उलट वाटतं, पण खरी आंघोळ रीस्टार्टमध्येच.

माझ्या लॅपटॉपवर शेवटी बायोसचं अपडेट टाकलं आणि दुखणं गेलं. म्हणजे गोची किल्लीवाल्याकडेच होती. तेव्हा मंडळी, तुमचंही मशीन झोपेतून उठून रेंगाळत असेल, तर भंगारात काढण्याआधी तीन गोष्टी करा. रीस्टार्ट करून बघा, झोपेआधीचा आणि नंतरचा प्रोसेसरचा वेग ताडून बघा, आणि बायोसचं अपडेट शोधा.

माझे निदान चाळीस-पन्नास हजार तरी वाचले. असो. झाकण मिटतो आता. उद्या सोमवार.