टर्बोचार्जरसाठी इंजिनाची पूर्वतयारी

केवळ वातावरणाच्या दाबावर हवा ओढून घेणाऱ्या मोटारीच्या पेट्रोल इंजिनाला टर्बोचार्जर जोडण्यापूर्वी, किंवा मुळातला लहान टर्बोचार्जर काढून त्याजागी मोठा बसवण्यापूर्वी, इंजिनाची जी तपासणी, दुरुस्ती आणि भागांची अदलाबदल करावी लागते तिला ही पूर्वतयारी म्हणतात. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके असतात. टर्बाइन हे चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूंच्या जोरावर फिरते आणि त्याच्याबरोबर फिरणारे दुसरे चाक, म्हणजे संपीडक, बाहेरची हवा दाबून सिलिंडरांकडे पाठवते. वातावरणाहून जितका दाब अधिक मिळतो त्याला बूस्ट म्हणतात. १ बार बूस्ट असला की सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या जवळपास दुप्पट होतो. हवा वाढली की इंधन वाढवता येते आणि शक्ती वाढते, परंतु त्याचबरोबर सिलिंडरातील कमाल दाब आणि उष्णता याही वाढतात. पूर्वतयारीचा विचार बहुधा मजबूत पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्या खरेदीपासून सुरू केला जातो. हा क्रम चुकीचा आहे, कारण बहुतेक इंजिने मोडतात ती निव्वळ दाबाने न मोडता अनियंत्रित ज्वलनाने आणि त्यातून निघालेल्या उष्णतेने मोडतात.

निष्कास वायूंच्या साहाय्याने अतिभरण करण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. प्रवासी मोटारींत टर्बोचार्जर १९६२ मध्ये अमेरिकेत आला, आणि त्यांपैकी ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीचा अनुभव पूर्वतयारीच्या दृष्टीने आजही उद्बोधक आहे. तिच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाचे आणि माथ्याशी असतानाचे सिलिंडरातील घनफळ यांचे प्रमाण, १०.२५ : १ इतके उंच ठेवलेले होते. अशा इंजिनात बूस्ट सुरक्षित राहावा म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारले जाई, आणि त्याची टाकी रिकामी झाली की बूस्ट मर्यादित करणारी झडप आपोआप काम करी. टाकी वेळेवर भरण्याची दक्षता अनेक मालकांनी घेतली नाही. पुढे अशा बऱ्याच गाड्यांवरून टर्बोचार्जर उतरवून साधे कार्ब्युरेटर बसवण्यात आले. १९७३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बो या गाडीत उलट मार्ग धरलेला दिसतो. २००२ टीआयआय या तिच्या भावंडाचे संपीडन गुणोत्तर ९.५ : १ आणि शक्ती १३० अश्वशक्ती होती; टर्बो आवृत्तीत गुणोत्तर ६.९ : १ पर्यंत उतरवून १७० अश्वशक्ती मिळवली गेली. इंजिन टिकले, पण बूस्ट चढेपर्यंत ते सुस्त राही आणि मग एकदम जोर धरी. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणे हेच आजही इंजिन सज्ज करणाऱ्याचे मुख्य काम आहे.

उष्णता किती वाढते हे एका हिशोबावरून स्पष्ट होते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती हवा सुमारे १२५ अंशांवर पोचते. दाब दुप्पट झाला तरी तापल्यामुळे हवा प्रसरण पावलेली असते, म्हणून तिची घनता जेमतेम दीडपट होते. हीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे रेडिएटरसारख्या शीतकातून, ५० अंशांपर्यंत थंड करून सोडली तर घनता जवळजवळ १.९ पट मिळते. त्यामुळे इंटरकूलर आणि त्याच्याकडे जाणारा मोकळा वारा यांची सोय आधी करून मगच बूस्टचा आकडा ठरवणे शहाणपणाचे ठरते.

हवा तापलेली असली की ठोक्याचा धोका वाढतो. गॅरेजमध्ये यालाच नॉकिंग म्हणतात. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना अजून न जळलेले मिश्रण दाब आणि उष्णता यांमुळे स्वतःहून एकाएकी पेट घेते, आणि त्यातून उठणाऱ्या दाबलहरी पिस्टनच्या माथ्यावर आदळतात. धातूवर असलेला वायूचा पातळ संरक्षक थर त्यांमुळे विस्कटतो आणि ॲल्युमिनियम उघडे पडून खरवडले जाते. पिस्टनच्या कडेला वाळूने घासल्यासारखे बारीक खड्डे दिसू लागले की नुकसान सुरू झाले असे समजावे. ठोका टाळण्यासाठी अधिक ऑक्टेन अंकाचे, म्हणजे स्वयंप्रज्वलनाला अधिक दाद न देणारे, पेट्रोल वापरतात, ठिणगी थोडी उशिरा पाडतात किंवा संपीडन गुणोत्तर उतरवतात. गुणोत्तर उतरवण्यासाठी जाड हेड गॅस्केट घालण्याची स्वस्त युक्ती प्रचलित आहे. मात्र तिच्यामुळे पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यामधली अरुंद फट रुंदावते आणि मिश्रण घुसळले जाण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे ठोका टाळण्यासाठी केलेला उपाय काही अंशी ठोक्यालाच मदत करतो. माथ्यावर खोलगट वाटी असलेले नवे पिस्टन बसवणे खर्चिक असले तरी योग्य आहे.

इंजिन उघडण्यापूर्वी त्याची प्रकृती तपासावी लागते. प्रत्येक सिलिंडराचा संपीडन दाब मोजतात, तसेच दाबाची हवा सिलिंडरात भरून ती किती आणि कोठून गळते हे पाहतात. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा झिजलेल्या असतात, सायलेन्सरमधून आली तर निष्कास झडप नीट बसत नसते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट गेलेले असते. अशा इंजिनावर टर्बोचार्जर चढवणे म्हणजे दुखण्यावर ओझे ठेवणे होय.

पिस्टन बदलताना ओतीव पिस्टनांऐवजी घडीव पिस्टन निवडतात, कारण ठोक्याच्या आघाताने ओतीव धातू तडकतो, तर घडीव धातू काही काळ तग धरतो. २६१८ या कमी सिलिकॉनच्या मिश्रधातूचे पिस्टन विशेष चिवट असतात, पण तापल्यावर अधिक फुगतात. म्हणून त्यांच्याभोवती जास्त मोकळीक ठेवावी लागते आणि थंड इंजिनात त्यांचा खडखडाट ऐकू येतो. रिंगांच्या टोकांमधली फट हा भाग दिसायला क्षुल्लक, पण सर्वाधिक काळजीचा आहे. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात साध्या इंजिनाला वरच्या रिंगची फट साधारण ०.३२ मिलिमीटर पुरते. बूस्टसाठी ती ०.४० ते ०.४८ मिलिमीटर ठेवतात, आणि पिस्टन बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असल्यास तोच मानतात. रिंग सिलिंडरात घालून उलट्या पिस्टनच्या माथ्याने ती सरळ खाली ढकलतात, फटीत फीलर गेजची पाती सरकवून पाहतात, फट कमी भरल्यास रिंग बाहेर काढून तिच्या एकाच टोकावर बारीक कानस चालवतात आणि काठाला उरलेली धारदार कोर मोडून पुन्हा मोजतात. प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरात मोजली त्याच सिलिंडरात बसवायची असते. फट अपुरी राहिली तर तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडतात, तिला फुगायला वाव उरत नाही आणि ती पिस्टनचा रिंगांमधला कठडाच तोडून टाकते.

कनेक्टिंग रॉडवर उंच फेऱ्यांना जो ताण येतो तो मुख्यतः पिस्टनच्या वजनामुळे येतो. टर्बोचार्जर मात्र कमी फेऱ्यांना मोठा दाब निर्माण करून रॉडला वरून चेपतो. त्यामुळे लवकर बूस्ट देणाऱ्या लहान टर्बोचार्जरने रॉड वाकण्याची भीती अधिक असते. हेड आणि ब्लॉक यांचे पृष्ठभाग सपाट करून पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे गॅस्केट आणि अधिक ताकदीचे स्टड वापरतात.

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्यामुळे वंगणाची व्यवस्था स्वच्छ आणि अखंड असावी लागते. ऑइल आत जाते दाबाने, परंतु बाहेर पडते फेसाळ आणि दाबहीन होऊन, केवळ उताराने. म्हणून परतीची नळी रुंद, वळणे नसलेली आणि ऑइल चेंबरातील पातळीच्या वर जोडलेली असावी. ती तुंबली की ऑइल सीलमधून झिरपून निळा धूर येतो आणि दोष नव्या टर्बोचार्जरच्या माथी मारला जातो.

इंधनपंप आणि इंजेक्टर यांची क्षमता अपेक्षित शक्तीच्या हिशोबाने मोजतात. पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते; पूर्ण बूस्टला मिश्रण थंड राहावे म्हणून हे प्रमाण ११.५ ते १२ भागांवर आणतात. भारतात विकल्या जाणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १३.५ भाग हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेत अधिक इंधन सोडावे लागते. त्याबदल्यात इथेनॉल बाष्पीभवनाने हवा थंड करते आणि ठोक्याला प्रतिकार करते. स्पार्क प्लग अधिक थंड श्रेणीचे घेतात आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी पडावी म्हणून त्यांची फट कमी करतात. शेवटी इंजिनाच्या संगणकातील इंधन आणि ठिणगी यांचे तक्ते डायनमोमीटरवर, निष्कासातील ऑक्सिजन सतत मोजत, कमी बूस्टपासून पायरीपायरीने बसवतात. साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी ठोका ओळखून बूस्ट आपोआप उतरवणारी यंत्रणा आणली, तेव्हापासून ठोक्याचा संवेदक टर्बो इंजिनाचा अविभाज्य भाग ठरला.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापासून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून सार्वजनिक रस्त्यावरील गाडीला टर्बोचार्जर चढवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे हाही पूर्वतयारीचाच भाग ठरतो; केवळ बंदिस्त शर्यतमार्गावर धावणाऱ्या गाड्यांना मात्र त्या त्या स्पर्धेचे तांत्रिक नियम पाळावे लागतात.