वसतिगृहात जन्मलेला आदिवासी नाच

सातपुड्यात नाचाचा वर्ग कधी नव्हता. अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवर पोर चालायला लागलं की गेरच्या, म्हणजे ढोलामागून जाणाऱ्या होळीच्या नाचकऱ्यांच्या जथ्याच्या, मागे फिरायचं, ढोलाचा ठेका अंगात भिनवायचं, आणि चार-पाच होळ्या गेल्या की आपोआप रांगेत उभं राहायचं. आज मात्र नंदुरबार, धुळे, नाशिक, पुण्याच्या वसतिगृहांत त्याच मुलांची ‘प्रॅक्टिस’ असते: पावलं मोजली जातात, वरच्या वर्गातला कुणी खालच्यांना शिकवतो, पोशाख भाड्याने येतात. घर सोडून शिकायला गेल्यावर मुलं आपला नाच विसरतात, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. इतिहास पाहिला तर ती अर्धीच खरी ठरते. ज्याला आज आपण एका दमात ‘आदिवासी नृत्य’ म्हणतो, ते बऱ्याच अंशी घरापासून दूर, शिकण्याच्या जागी घडलेलं आहे.

आधी मूळ जागा पाहू. काठी हे जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. तिथली राजवाडी होळी इ.स. 1246 पासूनची असल्याचं सांगतात. ही तारीख मौखिक परंपरेतली आहे आणि तिचं वजनही तेवढंच धरावं. होळीचा उंच बांबू गुजरातच्या जंगलातून आणतात, त्याचा खड्डा हत्यार न लावता हातांनी उकरतात, आणि होळी पेटते ती पहाटे. रात्रभर नाचणारे बुध्या आणि मोरखी हौसेखातर सजलेले नसतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, अंगावर राखेची नक्षी, हे सगळं नवसाचं. त्यासाठी काही दिवस पाळणी असते: खाटेवर बसायचं नाही, झोपायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. हा नाच पाहणाऱ्यासाठी नव्हता, कबूल केलेल्या गोष्टीची ती फेड होती. शिवाय सातपुड्यात होळी एका रात्रीत आटपत नाही. काठीच्या आगेमागे वेगवेगळ्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात, त्याआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. शिकणाऱ्या पोराला यापेक्षा लांब आणि सलग शाळा कोणती मिळणार?

खरी शाळा आली ती याच दिवसांवर. ठक्करबाप्पांनी 1922 मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं, आणि मुलांना घरापासून दूर ठेवून शिकवण्याची आश्रमी पद्धत पश्चिम भारतातल्या आदिवासी भागांत रुजत गेली. पुढे महाराष्ट्र शासनाने 1970 च्या दशकात आश्रमशाळांचं जाळं विणलं. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा डोंगरातलं शिक्षण बव्हंशी निवासी होऊन गेलेलं होतं. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. विखुरलेल्या पाड्यांवर दुसरा मार्ग सोपा नव्हता. पण बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि फाल्गुनही तेव्हाच. गुजरातच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीला गेलेला मजूर होळीला हटकून घरी परततो, मुकादमाला ते ठाऊक असतं आणि कामाचा हिशेब त्याप्रमाणे बसवला जातो. दहावी-बारावीच्या मुलाला मात्र ती सवलत नाही. मजुरीने जे तोडलं नाही ते शिक्षणाने तोडलं, आणि तेही कुणी ठरवून नव्हे, केवळ वेळापत्रकाने. हे वाचायला कडवट वाटेल, पण घडलं ते असं.

मग वसतिगृहात काय झालं? नवापूरकडचे मावची आणि कोकणा, धडगावचे पावरा, अक्कलकुव्याचे वसावे, पाडवी, तडवी एका छताखाली आले. गावात ज्याचा ढोल वेगळा, पावरी या वाद्याची धून वेगळी, ते एकाच गॅदरिंगच्या एकाच कार्यक्रमात बसवावे लागले. आठ मिनिटांत होळी, लग्न आणि पेरणी उरकावी लागली, मुला-मुलींच्या ओळी मंचाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गावचा घेर मध्यभागी असलेल्या ढोलाकडे तोंड करून फिरतो. मंचावर पाठ दाखवता येत नाही म्हणून घेर उघडावा लागला. संयुक्त राष्ट्रांनी 1994 मध्ये 9 ऑगस्ट हा आदिवासी दिन ठरवला, त्यानंतर या नाचाला परीक्षेपासून दूर, पावसाळ्यातली एक हक्काची तारीखही मिळाली.

दूर गेल्यावर नाच ‘आपला’ म्हणून नव्याने घडणं ही काही सातपुड्याची खासियत नाही. उदय शंकर 1920 मध्ये लंडनला गेले ते रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. तिथे बॅले नर्तकी ॲना पावलोवाशी गाठ पडल्यावर ते नाचाकडे वळले, आणि ‘भारतीय नृत्य’ म्हणून युरोपला जे दिसलं ते त्यांनी परक्या भूमीवर रचलेलं होतं. आजही परदेशी विद्यापीठात शिकणारी मराठी मुलगी कथकच्या वर्गाला जाते, दिवाळीच्या कार्यक्रमात लावणी आणि गरबा एकाच गाण्यात मिसळते. अंतराचा फरक सोडला तर धडगावच्या मुलाचं पुण्यातलं वागणं याहून निराळं नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. काठीला तरी कुठे एकच गाव नाचतं? महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातले लोक येतात, म्हणजे सरमिसळ जुनीच. बरोबर, पण तिथे प्रत्येक गावाची गेर आपल्या ढोलामागे येते आणि आपल्याच ढोलामागे परतते. एकत्र जमणं आणि एकात विरणं या दोन गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप असा की नाच बदलला तो शाळेमुळे नव्हे, लग्नातल्या बँडमुळे, त्यावरच्या टिमली नाचामुळे. बँडने ठेका वेगवान केला हे खरंच. पण टिमली घरच्याच लग्नात, आप्तांबरोबर आणि कुणी न शिकवता नाचली जाते. शिकण्याची जुनी रीत तिने मोडलेली नाही. ताण तर त्याही आधीचा आहे: 1922-23 ची देवी चळवळ आणि 1930 च्या दशकात मोरवडच्या गुला महाराजांनी उभा केलेला आप पंथ यांनी दारू सोडायला सांगितलं, आणि दारूशी जोडलेल्या सणांना त्याची झळ लागणं साहजिक होतं. तरी गेर टिकली, कारण माणसं गावातच होती.

म्हणूनच नर्मदेकाठच्या जीवनशाळांचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली 33 गावं येत होती, तेव्हा 1990 च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या गावांत आपल्या शाळा काढल्या. शिक्षक बहुधा त्याच भागातले, बोली घरची. त्या शाळा गरिबीत चालल्या, आणि पुढच्या इयत्तांसाठी मुलांना शेवटी बाहेर पडावंच लागलं. पण नाच बसवण्याची वेळ तिथल्या शिक्षकांवर क्वचितच यावी: ज्या मुलांच्या घरासमोरून गेर जाते, त्यांना पावलं मोजून द्यायची गरज नसते.