सुकडीच्या आधी गाणं

खारेपाटण मागे पडलं की मुंबई-गोवा महामार्गावर थोड्याच वेळात तळेरे येतं. इथून एक रस्ता वैभववाडीकडे फुटतो आणि गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठतो. गावच्या हायस्कुलाला नाव आहे वामनराव महाडिकांचं. हे महाडिक १९७० साली परळच्या पोटनिवडणुकीत निवडून आले आणि शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. सिंधुदुर्गातल्या शाळेवर गिरणगावच्या आमदाराचं नाव, आणि त्याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. या पट्ट्यातल्या कित्येक घरांची एक खोली परळ-लालबागात असे आणि उरलेलं घर गावात.

त्या उरलेल्या घरात मुलं वाढत. बापूस मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. खानावळीत जेवायचा, मनीऑर्डर पाठवायचा आणि गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात घरी यायचा. दोन-तीन वर्षांच्या पोराला त्याची ओळख पटेपर्यंत त्याची परत जायची गाडी लागलेली असे. कोकणातल्या लहानग्यांचं संगोपन ही कित्येक पिढ्या बायकांचीच जबाबदारी राहिली: आई, आजी, काकी आणि वाडीतली सुईण. बाळंतीण माहेरी जायची, तिथे शेकशेगडी व्हायची, वेखंड-वावडिंगाची गुटी उगाळली जायची. पाचवीला पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी मांडायची, कारण सटवी रात्री येऊन नशीब लिहिते. बाळाच्या भविष्याचं नियोजन म्हणाल तर तेवढंच.

आषाढात भातलावणी लागली की हीच व्यवस्था डळमळायची. आई चिखलात, आजीचं गुडघ्यांचं दुखणं वर आलेलं. मग तान्हं बांधावर इरल्याच्या आडोशाला आणि चालतं मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण शाळेत गेली तर धाकटंही तिच्यामागे शाळेत. जुन्या शाळांमधला ‘बिगरी’चा वर्ग, म्हणजे पहिलीच्याही आधीची इयत्ता, अशा मुलांनी भरलेला असे. गुरुजी चार इयत्तांना एकटे पुरत. बिगरीच्या पोरांनी पाटी पुसावी, अंक गिरवावेत आणि गप्प बसावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. बालशिक्षण म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मुंबईत बायको-पोरांसह राहणाऱ्यांची गत आणखी वाईट. १९२२च्या सुमारास सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाईंना गिरणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. त्यांना आढळलं की गिरणीत जाणाऱ्या आया बाळाला अफूची गोळी चारून खोलीत झोपवून जात. या गोळीला बाजारात नावही होतं, ‘बाळागोळी’. आईला कामावर जायचं, सांभाळणारं कुणी नाही, आणि रडणाऱ्या बाळाची शेजाऱ्यांना अडचण. यावर गरिबाने काढलेला हा उपाय होता. १९२८च्या जुलैत मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मांडलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारनेच उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईपुरता होता. गावच्या शेतात राबणाऱ्या तिच्या जावेला त्यातून काही मिळालं नाही.

मूल सांभाळणं वेगळं आणि मूल शिकवणं वेगळं, हा फरक महाराष्ट्राला ज्या बाईंनी दाखवला त्या ताराबाई मोडक. १८९२चा जन्म, प्रार्थना समाजी घर, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने माँटेसोरींच्या विचारांत शिरले आणि वकिली सोडून बसले. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. दहा वर्षांनी ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पालक खूश होते, मध्यमवर्गीय होते, फी देत होते. दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं.

ताराबाईंना मात्र एक हिशेब बोचत होता. माँटेसोरीचं साहित्य परदेशी मोजमापाचं, सुबक आणि महाग. ते घेऊन खेड्यात जायचं म्हटलं तर एका वर्गाच्या खर्चात अख्खी शाळा चालेल. २४ डिसेंबर १९४५ रोजी त्यांनी डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलं. त्याच वर्षी बोरिवलीच्या कस्तुरबा शिबिरात त्यांना पस्तिशीतली एक शिक्षिका भेटली होती, अनुताई वाघ. पुण्याजवळच्या मोरगावचा जन्म, तेराव्या वर्षी वैधव्य, पुढे जिद्दीने घेतलेलं शिक्षण. ताराबाईंनी विचारलं आणि अनुताई बोर्डीला आल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षं, १९९२ला डोळे मिटेपर्यंत, त्या याच कामात होत्या.

बोर्डीत पहिला धडा अक्षरांचा नव्हताच. आधी आंघोळ, नखं, केसांतल्या उवा. मग गाणी, गोष्टी, चालण्या-धावण्याचे खेळ. मोजायला शिंपले आणि गोटे, रंग ओळखायला पानं-फुलं, बोटांना वळण लावायला माती आणि बिया. डब्यातल्या ठोकळ्यांचं काम किनाऱ्यावरच्या आणि कुंपणाकडेच्या वस्तूंनी भागवलं. बालशिक्षणाच्या इतिहासात हा बदल वरकरणी क्षुल्लक वाटेल, पण याच बदलामुळे बालवाडी तळेऱ्यासारख्या गावाच्या आवाक्यात आली. शिंपले विकत आणावे लागत नाहीत.

दुसरी अडचण जातीची. हरिजनवाड्यातली मुलं बालवाडीत येईनात. कधी भीतीने, कधी गावाच्या नाराजीने, कधी घरी धाकट्याला सांभाळायचं म्हणून. तेव्हा शिक्षिकाच वाड्यात गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात सतरंजी टाकून बसल्या. तीच पहिली अंगणवाडी. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हललं, तेव्हा वारली मुलं गुरांमागे रानात जातात म्हणून शिक्षिका कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. म्हणजे थोरलीला शिकता यावं म्हणून धाकट्याला पाळण्यात घ्यायचं. आषाढातल्या त्या सात-आठ वर्षांच्या बहिणीचा प्रश्न इथे पहिल्यांदा कुणी तरी शाळेचा प्रश्न म्हणून हाती घेतला.

सरकार या वाटेवर हळूहळू आलं. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि संस्थांना बालवाड्यांसाठी अनुदानं मिळू लागली.  खरी झेप २ ऑक्टोबर १९७५ची. त्या दिवशी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आणि त्याची आई गरोदर असल्यापासून. केंद्राला नाव दिलं ते अंगणवाडी.

नाव घेतलं, पण क्रम बदलला. बोर्डीच्या अंगणात गाणं आधी होतं. सरकारी अंगणवाडीत आहार आधी आला, आणि १९७०च्या दशकात दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रात ते चुकीचंही नव्हतं. सुकडीचं पीठ, मग शिजवलेली खिचडी आणि उसळ, पुढे तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायची पाकिटं. वजनकाटा, वाढीचा तक्ता, दंडघेर मोजायची पट्टी. मोजता येतं त्याचा अहवाल जातो, आणि अहवाल जातो त्याचीच वरून विचारणा होते. गाण्याचा अहवाल कसा पाठवणार? त्यामुळे सहा सेवांतली सहावी सेवा बऱ्याच ठिकाणी भिंतीवरच्या तक्त्यापुरती उरली. गावात आजही अंगणवाडीला ‘खाऊची शाळा’ म्हणतात, ते उगाच नव्हे.

सिंधुदुर्गात आणखी एक पेच होता आणि तो नकाशाचा होता. देशावरचं गाव एका पांढरीत वसलेलं असतं. चारशे ते आठशे वस्तीला एक अंगणवाडी, हा निकष तिथे चपखल बसतो. कोकणातलं गाव वाड्यांत विखुरलेलं. वरची वाडी, खालची वाडी, मधे डोंगराची सोंड आणि व्हाळ. कागदावर दोन्ही वाड्या एकाच अंगणवाडीच्या हद्दीत असतात. प्रत्यक्षात जुलैत व्हाळाला पाणी आलं आणि साकव निसरडा झाला की तीन वर्षांचं पोर पलीकडे कसं जाणार? दीडशे वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची सोय पुढे झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक वस्तीला अंगणवाडी द्यायला सांगितलं आणि २००६ साली पुन्हा खडसावलं, तेव्हा कुठे वाडीपर्यंत विस्ताराला वेग आला.

आणि अंगणवाडी वाडीपर्यंत येईस्तोवर वाडीतली मुलंच कमी झाली.

हे वाक्य कोकणाबाहेर कुणाला पटणार नाही, पण जनगणना बघा. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ साली ८ लाख ४९ हजार. अख्खा देश वाढत असताना जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया, कारण पुरुष अजूनही मुंबईच्या वाटेवर. साक्षरता ८५ टक्क्यांच्या पुढे. मनीऑर्डरीवर शिकलेल्या मुलींनी कुटुंबं लहान ठेवली, आणि हल्ली चाकरमानी बायको-पोरांना बरोबरच घेऊन जातो. जी मुलं उरतात त्यांतली बरीच ज्युनिअर-सीनिअर केजीच्या पिवळ्या गाडीत बसतात. महामार्गालगतच्या बाजारपेठांत इंग्रजी पाटीच्या शाळा सहज मिळतात, आणि आईवडिलांना दोष तरी कसा द्यायचा? खाऊ घरी मिळतो. त्यांना शिक्षण हवं आहे, आणि ते अंगणवाडीत मिळेल यावर त्यांचा विश्वास नाही.

या विश्वासाचं ओझं जिच्या खांद्यावर, ती सेविका. योजना सुरू झाली तेव्हा मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना शंभर रुपये आणि मॅट्रिक झालेलीला दीडशे ठरले. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं; नोकरी म्हणायची नाही, सेवा म्हणायची. बहुतेक सेविका त्याच गावच्या सुना. गृहभेटीला गेल्यावर त्यांना ठाऊक असतं की कुठल्या घरात सासू पहिलटकरणीला दूध देत नाही आणि कुठल्या घरात बापूस सहा महिने फिरकलेला नाही. शहरात जे काम समुपदेशक फी घेऊन करतो ते ती खळ्यात उभ्या उभ्या करते. शिवाय नोंदवह्या, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं आणि आता मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले बिघडके मोबाइल कार्यालयांत परत नेऊन दिले होते, तो राग साठलेला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात संप झाला आणि तो जानेवारी संपत आला तोवर लांबला. पन्नास वर्षांच्या योजनेत ज्या बाईवर सगळं उभं आहे तिला अजून कर्मचारी म्हणायला सरकार कचरतं. या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर उत्तर हेच.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. २०२३ साली ‘पोषण भी, पढाई भी’ अशी घोषणा आली. ताराबाईंना या घोषणेची गंमत वाटली असती. विकासवाडीत त्यांनी कितीतरी आधीच पाळणा आणि पहिलीचा वर्ग शेजारी शेजारी ठेवले होते. तरी उशिरा का होईना, गाण्याला सरकारी कागदावर पुन्हा जागा मिळाली हे बरंच झालं.

आणि इथे सिंधुदुर्गाला चक्क एक सोय आहे. चाळीस मुलांना खिचडी वाढताना सेविकेला कुणाची बोटं कशी वळतात हे बघायला फुरसत नसते. दहा-बारा मुलांच्या अंगणवाडीत ती असते. पटसंख्या कमी म्हणून केंद्र दुसऱ्यात मिसळून टाकायचं, हा हिशेब कोकणाला परवडणारा नाही. मिसळलेलं केंद्र व्हाळापलीकडे गेलं की पावसाळ्यात ते नसल्यासारखंच. कमी मुलं ही इथे अडचण मानायचं सोडून संधी मानावी, सेविकेच्या मागची वह्यांची कटकट निम्मी करावी आणि तिला चांगलं प्रशिक्षण द्यावं. साहित्याला फार पैसे लागणार नाहीत. काजूच्या बिया, सुपारी, शिंपले, फणसाची पानं सगळं दाराशीच आहे.

चाकरमान्यांना एक विनंती. यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती फाडाच, पण सुट्टी नसेल अशा एखाद्या सकाळी वाडीतल्या अंगणवाडीतही डोकावून या. छप्पर गळतं का, संडासला पाणी आहे का, साकवाला कठडा आहे का, हे बघा. सेविकेला विचारा की दिवसातला किती वेळ मुलांसाठी उरतो. ती जे सांगेल ते ग्रामसभेत तुमच्या तोंडून बोललं गेलं, तर ते ऐकलं जाण्याची शक्यता जास्त आहे.