तळटीप : ‘सिग्नल ११’

* सिग्नल ११ : मजकुरातले तिवसा गाव अमरावती-नागपूर महामार्गावर असल्याने वाचकाला रस्त्यावरचा सिग्नल आठवेल, म्हणून ही टीप. लिनक्ससारखी कार्यप्रणाली मूळ संहितेवरून स्वतः ‘कंपाइल’ करताना जीसीसी हा कंपायलर मध्येच कोसळला की हा आकडा दिसतो. अर्थ एवढाच, की प्रोग्रामने आपल्या वाट्याची नसलेली मेमरी चाळली. चूक दरवेळी त्याच ओळीवर आली तर दोष संहितेत किंवा कंपायलरमध्ये; दरवेळी नव्या फाइलवर आली तर बहुधा यंत्रात, म्हणजे रॅमच्या पट्टीत किंवा तापलेल्या प्रोसेसरमध्ये. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा लेखकाने संगणक कूलरसमोर ठेवल्याचा पुढचा उल्लेख विनोद समजू नये. (ओलसर हवा यंत्राला मानवत नाही, ही गोष्ट वेगळी.)

भारनियमनाने होणारी चूक याहून फसवी. वीज मध्येच गेली की कधी कंपायलरच्या हातची ‘.ओ’ फाइल शून्य बाइटची होऊन मागे राहते. कंपाइलचे काम पुढे हाकणारी ‘मेक’ ही आज्ञा तिची केवळ वेळ पाहते, काम झाले असे समजून पुढे जाते आणि अखेर या फाइली जोडणारा लिंकर अडतो. मग ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून सुरुवात. पडद्यावर तळाशी दिसणारा ‘एरर २’ हा नुसता निरोप्या. खरी चूक वर, पहिल्या ‘एरर’पाशी शोधावी.

मागील आवृत्तीत येथे चुकून ‘सिग्नल ९’ छापले होते. मेमरी संपल्यावर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्वतःच एखादा प्रोग्राम मारतो, तेव्हाचा तो आकडा. — संपा.