सेबूचे ताट : पदार्थाचे नाव हा इतिहासाचा पुरावा किती मानावा?

फिलिपिन्सच्या मध्यभागी विसाया द्वीपसमूह आहे. सेबू हे त्यातले लांबट, डोंगराळ बेट. १५२१ च्या एप्रिलमध्ये मॅगेलनची जहाजे येथे आली. त्याच्यासोबतच्या अंतोनियो पिगाफेट्टा या इटालियनाने बेटावर काय काय मिळते याची यादी लिहून ठेवली आहे. भात, भरडधान्ये, आले, लसूण, ऊस, केळी, नारळ, फणस, माडाची माडी ही नावे तीत आहेत. मका, मिरची आणि कोको नाहीत. आजच्या सेबुआनो ताटाचा अभ्यास या यादीपासून सुरू करणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

आता सेबूचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ घेऊ : लेचॉन. आख्ख्या डुकराच्या पोटात गवती चहा, कांद्याची पात आणि लसूण भरायचे, ते बांबूवर खोचून निखाऱ्यावर तासन्‌तास फिरवायचे. शब्द स्पॅनिश आहे. त्याचा मूळ अर्थ दूधपिते पिल्लू. म्हणून पदार्थही स्पेनचा, असे सर्रास म्हटले जाते. पण पिगाफेट्टाने सेबूतच डुकराच्या बळीचा विधी पाहिला होता. तो विधी वृद्ध स्त्रियाच करीत, आणि त्याशिवाय ते मांस खाल्ले जात नसे. म्हणजे डुक्कर आणि त्याचा मान स्पॅनिशांच्या आधीचा. भाजण्याची नेमकी पद्धत कोणाची, हे यावरून सिद्ध होत नाही. पण नुसत्या नावावरून सगळे श्रेय राज्यकर्त्यांना देणे चूक आहे, एवढे निश्चित. किनिलाव, म्हणजे माडीच्या शिरक्यात मुरवलेली कच्ची मासळी, हिचे नाव मात्र स्थानिकच राहिले.

मक्याची गोष्ट उलटी. १५६५ मध्ये लेगास्पीने सेबूत स्पॅनिश वसाहत स्थापली आणि त्याच वर्षी येथून निघालेल्या जहाजाने मेक्सिकोला परतण्याचा समुद्रमार्ग शोधला. पुढे मनिला ते अकापुल्को ही गॅलियन जहाजांची वाहतूक १८१५ पर्यंत चालली. मेक्सिकोचा मका फिलिपिन्सला आला तो याच काळात. सेबुआनो भाषेत त्याला ‘माइस’ म्हणतात. इथे नाव आणि पीक दोन्ही बाहेरून आले. सेबूची जमीन चुनखडीची, मातीचा थर पातळ, पाणी झिरपून जाणारे. भाताला ती मानवत नाही, मक्याला चालते. त्यामुळे जात्यावर भरडलेल्या मक्याच्या कण्या शिजवून भातासारख्या खाणे हे सामान्य सेबुआनो घराचे रोजचे जेवण झाले. भात प्रतिष्ठेचा आणि कण्या गरिबाच्या, ही उतरंडही त्याबरोबर आली. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या आणि तांदूळ यांच्यात हेच घडले. पर्यटकांच्या माहितीपत्रकात लेचॉनचे छायाचित्र असते, कण्यांचे क्वचितच. इतिहासाच्या दृष्टीने मला हे उलट हवे होते.

भात तरीही हटला नाही. नारळाच्या कोवळ्या पात्या विणून केलेल्या पुडीत तांदूळ भरून उकडतात, तो ‘पुसो’. पुड्यांचे घोस दुकानात टांगलेले असतात. मलेशिया-इंडोनेशियातला ‘केतुपात’ याच कुळातला. हा धागा युरोपकडे जात नाही, शेजारच्या मलय जगाकडे जातो. पपईचे ‘अत्सारा’ लोणचे तर आपल्या ‘अचार’चाच भाऊबंद, तो शब्द मलयमार्गे तिकडे गेला.

गॅलियन जहाजांनी दोन्ही दिशांना माल नेला, आणि माणसेही. फिलिपिनो खलाशी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले, काही तिथेच राहिले. त्यांनी माडाला खाच पाडून रस काढण्याची विद्या तिथे नेली. मेक्सिकोच्या कोलिमा भागात हे पेय आजही विकले जाते. विसायात माडीला ‘तुबा’ म्हणतात. कोलिमातही तिचे नाव तुबाच आहे.